पुंजारामचं घड्याळ आणि दोन नंबरचा धुरळा

कुंभार पिंपळगावात वेळ विचारायची असली तर लोक पुंजारामला विचारत, आणि विचारायची नसली तरी पुंजाराम सांगत असे. तो शाळेत शिपाई. घंटा देणं हे त्याचं काम, आणि ते त्यानं इतकं मनावर घेतलं होतं की हेडमास्तरसुद्धा त्याच्याकडे बघून मगच खुर्चीतून उठत, असं लोक बोलत. मी बोलत नाही. लोक बोलत.

एक्क्याऐंशी साली म्हसोबाच्या जत्रेत मोठा शंकरपट भरला. ज्यांनी पट पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो: हलक्या छकड्याला दोन बैल जुंपायचे, वर हाकायला एक धुरकरी बसवायचा आणि जोडी एकटीच सोडायची. शेजारी पळायला दुसरी जोडी नसते. शर्यत असते ती घड्याळाशी. झेंडी पडल्यापासून शेवटच्या रेघेपर्यंत पाच-सहा सेकंदांचा खेळ, आणि त्यावर पुढची पाच-सहा वर्षं भांडण. त्या साली स्टॉपवॉच शाळेच्या पीटीच्या सरांच्या हातात होतं. दुपारी सरांना चहाची तलफ आली. त्यांनी घड्याळ पुंजारामच्या हातात दिलं आणि म्हणाले, दोन मिनिटं धर. जूनमध्ये सरांची बदली झाली. घड्याळ त्यांनी जाताना त्यालाच देऊन टाकलं. ती दोन मिनिटं बावीस वर्षं चालली.

घड्याळ हातात आल्यावर पुंजाराम आधी होता तसा राहिला नाही. जे हलतं ते तो मोजू लागला. सकाळची एसटी किती उशिरा आली हे तो मिनिटात सांगत नसे, सेकंदात सांगे, त्यामुळे कंडक्टरला गुन्हा केल्यासारखं वाटे. कोणाच्या मयताला गेला तर घरी येऊन बायकोला सांगे की मधली सून एक मिनिट बारा सेकंद रडली आणि धाकटी अठरा सेकंदांत आटपली. ही माहिती नंदाबाईमार्फत दुपारपर्यंत गावभर होई. नंदाबाई म्हणजे त्याची बायको. तिच्याही भाकरीची त्यानं वेळ घेतली होती. परातीत थापायला सुरुवात केल्यापासून तव्यावर फुगेपर्यंत एक मिनिट अठ्ठेचाळीस सेकंद, उन्हाळा असो की हिवाळा. नंदाबाईनं पहिल्या वेळी परात त्याच्यापुढे सरकवली आणि म्हणाली, आता तुम्ही थापा, मी मोजते. त्यानंतर तो चोरून मोजू लागला.

पण पटाच्या दिवशी हाच माणूस मचाणावर पांढरी टोपी घालून बसला की सगळी थट्टा खाली राहायची. जोडी रेघ ओलांडायची, अंगठा पडायचा, आणि पुंजाराम माइक तोंडाशी धरून सावकाश म्हणायचा, "सहा सेकंद बावीस पाइंट." पाइंट म्हणजे सेकंदाचा शंभरावा भाग. पंचक्रोशीचा एक नियम होता: माइकवर बोललेला आकडा परत घ्यायचा नाही. सत्त्याऐंशी साली जाफराबादची जोडी दोन पाइंटांनी हरली आणि मालकानं पुढच्याच बाजारात बैल विकून टाकले. चौऱ्याण्णवला एका पाइंटावरून दोन साडू बोलेनासे झाले, ते अजून बोलत नाहीत. पण पुंजाराम खोटं बोलला असं कोणी म्हटलं नाही. माणूस चोंबडा आहे, कंजूष आहे, टोपी धुवत नाही, हे सगळं म्हणत.

आता आबारावांकडे येतो, कारण त्यांना थांबवून ठेवलेलं चालत नाही. आबाराव म्हणजे जत्रा कमिटीचे अध्यक्ष, ऊसवाले, आणि गावातल्या सगळ्यात वेगवान बैलजोडीचे मालक. जोडी जिंकली की गुलाल आबारावांच्या अंगावर पडायचा. छकड्यावर मात्र असायचा सांडू. सांडूच्या बापाची मेंढरं होती, सांडू आबारावांच्या मळ्यात मजुरीला. बैलांशी बोलण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. पण जिंकलेल्या जोडीच्या फोटोत आबाराव मध्ये असायचे, बैल दोन्हीकडे असायचे, आणि सांडूचा कोपर असायचा.

सन दोन हजार तीनला, चैत्रातल्या जत्रेच्या दीड महिना आधी, बैलांना लाळ-खुरकत आली. जनावरांच्या डॉक्टरनं बजावलं की गावोगावची जनावरं एका जागी आणायची नाहीत. पट बंद. कमिटी बसली. पटाशिवाय जत्रा म्हणजे देवाची नाराजी, आणि देवापेक्षा जास्त नाराज होणारे पाहुणे वेगळेच. तेव्हा आबारावांच्या डोक्यात जे आलं ते दुसऱ्या कोणत्या गावाच्या अध्यक्षाच्या डोक्यात येणं शक्य नव्हतं. ते म्हणाले, पट कंप्युटरवर घेऊ.

स्टँडजवळच्या एका गाळ्यात इंद्रायणीचं कंप्युटर केंद्र होतं. ही गावातलीच सून, जालन्यात कोर्स करून आलेली. गावाला टायपिंग आणि हिशेबाचे तक्ते शिकवायचे या इराद्यानं तिनं दुकान टाकलं. गाव दोन महिने टायपिंग शिकलं आणि मग त्यानं मोटारींच्या शर्यतीचा खेळ शोधून काढला. खेळ असा: परदेशातला नागमोडी रस्ता, त्यावर तुमची एक गाडी, कीबोर्डावरच्या बाणांनी हाकायची. एक फेरी पूर्ण केली की वरच्या कोपऱ्यात वेळ येते. गाडी एकटी, भांडण घड्याळाशी. म्हणजे पटच की, फक्त बैल नाहीत आणि शेण नाही. मिशीवाले शेतकरी खत टाकायचं सोडून तिथं बसू लागले होते आणि घरी सांगत होते की सातबारा कंप्युटरवर येणार आहे, त्याची चौकशी करून राह्यलो.

केंद्रात दोन मशीन चांगली होती. एक नंबर आणि दोन नंबर. दोन नंबरला मोठा स्क्रीन होता, म्हणून तिथं कमिटीची माणसं बसत. एक नंबरला बाकीचं गाव. हे कोणी ठरवलं नव्हतं, आपोआप ठरलं होतं.

आबारावांनी महिनाभर आधी सराव सुरू केला. बैलांच्या पटाला त्यांना कधी सराव लागला नव्हता. तो सांडू करत असे. पहिल्या आठवड्यात त्यांची गाडी पहिल्याच वळणावर सरळ शेतात जाई. दोष त्यांनी चित्राला दिला. इंद्रायणीनं खेळ अडकत चालू नये म्हणून सगळी सजावट बंद ठेवली होती. रस्ता, गाडी आणि आभाळ, बस्स. आबाराव म्हणाले, "सूनबाई, धुरळा कुठंय? धुरळा न्हाई तर पट कसला?"

इंद्रायणीनं सेटिंग उघडलं आणि धुरळा चालू केला. मग त्यांना गर्दी हवी झाली; बघायला माणसं नसतील तर जिंकायचं कोणासाठी. गर्दी आली. मग झाडांना पानं हवीत. पानं आली. गाडीची सावली, काचेवर ऊन, आणि मागचं दिसायला आरसा. रस्त्यावर त्यांच्याशिवाय कोणी नव्हतं तरी मागून कोण येतंय हे अध्यक्षांना कळायला हवं होतं. सगळं वरच्या टोकाला नेऊन ठेवलं. दोन नंबरचा स्क्रीन रंगीत कॅलेंडरासारखा दिसू लागला.

आणि काय आश्चर्य, आबारावांची वळणं जमू लागली. गाडी डुलत डुलत यायची, त्यांना बाण दाबायला निवांत वेळ मिळायचा, आणि फेरी संपली की वर असा आकडा की एक नंबरवाल्यांनी तोंडात बोट घालावं. कमिटीच्या इतर माणसांचेही आकडे सुधारले. हॉटेलात आबाराव समजावून सांगत की डोळ्याला बरं वाटलं की हात आपोआप चालतो, हे अडाण्यांना कळत नाही.

पुंजारामला आबारावांनी शाळेच्या फाटकात गाठलं. फार गोड बोलले. म्हणाले, बावीस वर्षं केलंस, आता आराम कर. कंप्युटर स्वतःच वेळ सांगतो, तेही पाइंटांसकट. तू समोरच्या खुर्चीवर बस, चहा घे. पुंजारामनं मान डोलावली आणि त्या दिवशी मधल्या सुट्टीची घंटा चार मिनिटं उशिरा झाली. शाळेच्या इतिहासात प्रथमच. नंदाबाईला संध्याकाळपर्यंत सगळं कळलं होतं. ती म्हणाली, "बरं झालं. आता माझ्या भाकरीवरच बसा."

जत्रेच्या पहिल्या दिवशी केंद्रापुढे मांडव पडला. दोन्ही मशीनना हळद-कुंकू लागलं. नारळ मशीनवर फोडू नका म्हणून इंद्रायणीनं हात जोडले, तेव्हा तो पायरीवर फोडला. भिवाचा लाउडस्पीकर लिंबाला टांगला गेला. भिवा म्हणजे लग्नापासून मयतापर्यंत सगळीकडे बोलणारा माणूस. जे गाळ्यात मावले नाहीत त्यांना आत काय चाललंय ते तो माइकवरून सांगत होता. लाइट दुपारी एक ते पाच मिळणार होती, म्हणून पट एक वाजता सुरू.

पुंजाराम समोरच्या खुर्चीवर बसला. हातात चहा, खिशात घड्याळ, घड्याळावर अंगठा. कोणी सांगितलं नव्हतं, पण अंगठ्याला कोण सांगणार. आबाराव फेटा बांधून दोन नंबरला बसले. झेंडी पडली, खिशात अंगठा पडला. फेरी संपली. भिवानं स्क्रीनवरचा आकडा गर्जून सांगितला: एक मिनिट बावन्न सेकंद. टाळ्या पडल्या. पुंजारामनं हळूच खिशातून घड्याळ काढून पाहिलं.

दोन मिनिटं अठ्ठेचाळीस.

त्यानं चहा खाली ठेवला. मी जवळच होतो, चेहरा पाहिला. माणसाला आपलं घर जळाल्याचं कळावं तसा दिसत होता. कारण त्याच्या मनात पहिला विचार आला तो कंप्युटरबद्दल नव्हता, घड्याळाबद्दल होता. घड्याळ बिघडलं. आणि बिघडलं असेल तर कधीपासून? या वर्षी, की पाच वर्षांपूर्वी, की सत्त्याऐंशीच्याही आधी? जाफराबादच्या माणसानं बैल कशापायी विकले? ते दोन साडू कोणत्या पाइंटावरून तोंड फिरवून बसतात? बावीस वर्षांचे निकाल त्याच्या खिशात टिकटिकत होते. पुढच्या फेऱ्या न बघता तो उठून घरी गेला. लोक म्हणाले, जळतोय.

घरी जाऊन त्यानं चुलीपुढे बसकण मारली आणि नंदाबाईला म्हणाला, भाकरी टाक. ती म्हणाली, ऊन अजून डोक्यावर आहे. तो म्हणाला, टाक. तिनं थापायला घेतली, त्यानं अंगठा दाबला. एक मिनिट अठ्ठेचाळीस. दुसरी टाक म्हणाला. एक अठ्ठेचाळीस. तिसरी, चौथी. सातव्या भाकरीला नंदाबाईनं उलथणं खाली ठेवलं.

"अवो, एवढ्या भाकरी कोण खाणार हाये? पाहुणे येऊन राह्यले का तुमचं डोकं गेलं?"

पुंजारामनं तिला सगळं सांगितलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा त्यानं बायकोला काही सांगितलं आणि ते गावभर झालं नाही. तिनं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, माझा हात चुकत न्हाई. मंग चुकून कोण राह्यलं ते जाऊन बघा.

दुसऱ्या दिवशी शेवटची फेरी होती. सकाळी केंद्रात जनरेटर लावून इंद्रायणी स्क्रीनवरचं कुंकू पुसत होती, तेव्हा पुंजाराम हजर झाला. त्यानं आधी एक नंबर चालू करायला लावलं. खेळातलं घड्याळ आणि हातातलं घड्याळ बरोबर जोडीनं चाललं. मग दोन नंबर. तिथं खेळातलं घड्याळ पायात काटा मोडल्यासारखं मागं राहू लागलं. पुंजारामनं सुटकेचा श्वास सोडला आणि लगेच तो श्वास परत घेतला, कारण आता त्याला राग यायचा होता.

इंद्रायणीनं त्याला समजावलं. म्हणाली, "मामा, तंबूतला सिनेमा आठवतो ना? सेकंदाला ठरावीक चित्रं पळतात म्हणून माणूस चालल्यासारखा दिसतो. ह्या खेळाचंबी तसंच हाये. सेकंदाला तीस चित्रं. पण हा खेळ चित्रं मोजून सेकंद धरतो. तीस झाली की एक सेकंद झाला म्हणतो. आता आबामामांनी धुरळा, गर्दी, सावली सगळं मागितलं. मशीनला एकेक चित्र काढायलाच उशीर लागून राह्यला. खऱ्या सेकंदाला वीसच निघतात."

"मंग उरलेली दहा?"

"ती पुढच्या सेकंदात. म्हणून त्याचा सेकंद आपल्या दीड सेकंदाचा. गाडीबी तेवढीच हळू पळते, वळणाला वेळ मिळतो, आन् आकडा कमीच दिसतो."

स्क्रीनच्या कोपऱ्यात चित्रांचा आकडा दिसायची सोय होती, ती तिनं चालू केली. मग दोघांनी बसून एकेक सजावट बंद करून पाहिली. धुरळा काढला की वीसाचे चोवीस. सावली काढली की सव्वीस. गर्दी गेली की अठ्ठावीस. पानं, आरसा आणि काचेवरचं ऊन गेलं की तीस, आणि दोन्ही घड्याळं पुन्हा जोडीनं. पुंजाराम प्रत्येक वेळी अंगठ्यानं तपासत होता. इंद्रायणी म्हणाली की आता असंच ठेवते, कोणाला कळायचंबी नाही. पुंजाराम म्हणाला, जसं होतं तसं परत लाव. का विचारल्यावर म्हणाला, "पटाचा निकाल माइकवर होतो, कानात होत न्हाई."

हे तो न्यायासाठी म्हणाला असं तुम्हाला वाटत असेल तर तुम्ही पुंजारामला ओळखत नाही. त्याला माइक परत हवा होता.

दुपारी शेवटची फेरी. एकीकडे आबाराव, दोन नंबरला. दुसरीकडे, एक नंबरला, सांडू. बैल नव्हते, तेव्हा धुरकऱ्याला मालक लागत नव्हता, आणि नाव द्यायला कोणालाही मोकळीक होती. आबारावांनी त्याच्याकडे बघून मान हलवली, जशी आपल्या बैलानं दुसऱ्याच्या छकड्याला मान दिल्यावर हलवावी. सांडू आधी पळाला: एक मिनिट अठ्ठावन्न. मग आबाराव: एक मिनिट पन्नास. कमिटीनं गुलालाची पोती उघडली. इतक्यात पुंजाराम समोरच्या खुर्चीवरून उठला आणि भिवाच्या हातातून माइक घेतला. भिवानं तो सवयीनं दिला. पटात माइक शेवटी त्याच्याकडेच जायचा.

पुंजाराम म्हणाला की माझ्या घड्याळात आबारावांना दोन मिनिटं पंचेचाळीस लागली.

 आबाराव फेटा सावरत हसले. "पुंजाराम, तुझं घड्याळ म्हातारं झालं. आन् तू त्याच्या आधी झाला."

"मंग करा खातरी. दोन्ही गाड्या उभ्या ठेवा. कोणी बटणाला बोट लावू नका. एकाच झेंडीला दोन्हीकडची घड्याळं चालू करा. माझ्या घड्याळात तीन मिनिटं झाली की दोन्हीकडं बघा."

"आन् दोन्हीकडं बराबर निघाली तर?"

"तर हे घड्याळ तुमच्या हातात देतो, आन् पटाच्या मचाणावर पुन्हा पाय ठेवणार न्हाई."

ते माइकवर बोललं गेलं होतं. परत घेता येत नव्हतं. आबारावांनी मोठ्या मनानं मान्य केलं.

मी आयुष्यात पुष्कळ पट पाहिले, पण उभ्या गाड्यांचा पट एकच. झेंडी पडली. दोन्ही गाड्या रेघेवर तशाच. भिवानं माइक परत घेतला आणि बाहेरच्या चार-पाचशे माणसांना सांगू लागला की एक नंबर उभी आहे मंडळी, दोन नंबरही उभी आहे, एक नंबर अजून उभी आहे. माणसं टाचा उंचावून ऐकत होती. मध्ये एकजण ओरडला की आबारावांची गाडी हलली, तेव्हा आत बघून भिवानं खुलासा केला की गाडी नाही, झाडाची पानं हलली. पुंजाराम दोन्ही स्क्रीनच्या मध्ये उभा होता, टोपी घामानं कपाळाला चिकटलेली. हातातल्या घड्याळाकडे तो बघत नव्हता. डोळे मिटून होता. माझा अंदाज, मनात भाकरी थापत असावा.

त्याचा हात वर गेला. एक नंबरवर आकडा होता तीन मिनिटं. दोन नंबरवर दोन.

भिवा हा सरळ माणूस. त्यानं जे दिसलं ते सांगितलं: "उभ्या उभ्या आबारावांची गाडी एक मिनिटानं पुढं."

हसू आधी मांडवाच्या मागून आलं, मग पुढं आलं, मग कमिटीच्या खुर्च्यांतून आलं. इंद्रायणीला पुढं बोलावलं गेलं. तिनं तंबूतला सिनेमा पुन्हा सांगितला, कोपऱ्यातला वीसचा आकडा दाखवला, आणि असं ठरलं की दोन नंबरचंही चित्र तीसावर आणायचं आणि फेरी पुन्हा घ्यायची. पण सगळ्यांच्या डोळ्यांदेखत.

आता गावाच्या डोळ्यांदेखत एखादी गोष्ट काढायची म्हणजे कोणाची ना कोणाची हरकत येते. धुरळा काढला, आबारावांनी खोकून दाखवलं. सावली काढली, तेव्हा खिडकीतून गोजरबाई ओरडली. गोजरबाई ऐंशीची, नातवाच्या खांद्याला धरून दोन दिवस उभी होती. ती म्हणाली की ज्याला सावली न्हाई ते भूत असतं, ह्या गाडीत आबारावाला बसवू नका. तिला खुर्ची देऊन गप्प केलं. मग गर्दी काढायची वेळ आली तर कमिटीचेच लोक नाराज झाले. बघणारांनाच काढलं तर बक्षीस कोणापुढं द्यायचं? इंद्रायणी म्हणाली, बघणारे बाहेर आहेत ना मांडवात. ते त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. आरसा काढताना आबाराव स्वतः म्हणाले की मागचं न दिसता मी चालवायचं कसं. तेव्हा सांडू पहिल्यांदा तोंड उघडून म्हणाला, "मालक, मागं कोणी न्हाई. मी शेजारच्या मशीनवर हाये."

आकडा तीस झाला. पुंजारामनं अंगठा फिरवून घड्याळ तपासलं आणि झेंडी द्यायला सांगितलं.

महिनाभर आबाराव ज्या रस्त्यावर डुलत चालले होते तो रस्ता आता एकदम अंगावर आला. पहिलं वळण त्यांनी पाहिलं, पण ते मागं गेल्यावर पाहिलं. गाडी शेतात गेली. शेतातून काढली, कुंपणात गेली. कुंपणातून काढली तर तोंड उलट्या दिशेला, आणि आबाराव अर्धा मैल ज्या बाजूनं आले त्याच बाजूला निघाले. भिवा बाहेर सगळं सांगत होता, कारण ते त्याचं काम होतं. शेवटी रेघ आली. सांडू मग एक नंबरला बसला, जीभ दातात धरून, बैलांशी बोलल्यासारखा काहीतरी पुटपुटत गेला आणि आला.

पुंजारामनं माइक तोंडाशी धरला, सावकाश, बावीस वर्षं धरत होता तसा. "आबाराव, चार मिनिटं नऊ सेकंद. सांडू, एक मिनिट सत्तावन्न."

गुलाल सांडूवर पडला. तो इतका गोंधळला की त्यानं आधी बैलांना पुसावं तसा कीबोर्ड पुसला. आबाराव उठले आणि मोठेपणानं म्हणाले की इतकं साफ दिसत असेल तर माणूस चालवणार कसं, डोळे दिपतात. सांडू म्हणाला, "मालक, बैलंच बरी. त्यांना रस्ता दिसतो." हे त्यानं दिलासा द्यायला म्हटलं. मला तरी तसंच वाटतं. फोटो काढला तेव्हा सांडू मध्ये होता, आणि आबाराव काही कामानिमित्त मळ्यात गेले होते.

म्हणजे पुंजाराम जिंकला. मचाण त्याचं, माइक त्याचा. आठवडाभर तो टोपी धुऊन हिंडत होता. पण इंद्रायणीनं सांगितलेल्यातलं गावानं काय लक्षात ठेवलं ते बघा. चित्रं, सेकंद, वीस, तीस, हे सगळं मांडवाबरोबर उठलं. उरलं एवढंच: धुरळ्यानं सेकंद लांबतो. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं सगळ्यांनी. धुरळा काढला आणि सेकंद सरळ झाला.

पहिला आला तो जाफराबादचा. सोळा वर्षांनी, शेअर जीप करून. पुंजारामच्या ओट्यावर बसून पाणी प्याला आणि म्हणाला, सत्त्याऐंशीला माझी जोडी दोन पाइंटांनी गेल्ती, त्या दिवशी धुरळा लई होता, बराबर का न्हाई? पुंजारामनं त्याला तासभर समजावलं. तो समजला, आणि जाताना म्हणाला, पण धुरळा होता. मग घनसावंगीचे दोघं आले. मग ते दोन साडू आले, वेगवेगळे, एकाच दिवशी, आणि ओट्यावर समोरासमोर बसून दोघांनीही पुंजारामशीच बोलणं केलं. बावीस वर्षांचा एकेक हरलेला माणूस त्या ओट्यावर चहा पिऊन गेला. नंदाबाई म्हणाली, घड्याळ देऊन टाकलं असतं तर एवढी चहापत्ती लागली नसती.

पुढच्या वर्षी बैल बरे होते. चैत्रात पट ठरला आणि कमिटीनं एकमतानं ठराव केला की प्रत्येक जोडी सोडण्याआधी धावपट्टीवर पाणी मारायचं, म्हणजे सेकंद बरोबर पडतील. ठराव आबारावांनी मांडला. त्यांना आता सेकंदांची फार काळजी वाटत होती. चैत्रात आमच्याकडे पाणी कुठून येतं ते विचारू नका. टँकर आला.

इंद्रायणी मचाणाखाली येऊन म्हणाली, "मामा, लोकांना सांगा की. धुरळ्याचा आन् खऱ्या घड्याळाचा काही संबंध न्हाई."

"सांगतो," पुंजाराम म्हणाला.

सांगितलं मात्र नाही. कारण असं झालं होतं की कमिटीच्या ठरावात शेवटी एक ओळ होती: जमीन पुरेशी भिजली की नाही ते घड्याळवाल्यानं ठरवायचं. आधी पुंजाराम जोडी पोचल्यावर बोलायचा. आता त्यानं मान हलवल्याशिवाय जोडी सुटत नव्हती. आबाराव फेटा बांधून उन्हात उभे, सांडू छकड्यावर कासरे धरून बसलेला, बैल खुरं आपटताहेत, सगळी जत्रा मचाणाकडे बघतेय. पुंजारामनं डोळ्यांवर हात धरून धावपट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत न्याहाळली. मग माइक उचलला.

"अजून एक फेरी मारा पाण्याची."

टँकर पाणी मारायला वळला. त्याच्या मागच्या तोटीला नंदाबाई आणि गल्लीतल्या पाच-सात बाया हंडे लावून उभ्या होत्या, त्यामुळे टँकरला चिखल करायला थोडं कमीच पाणी उरत होतं. तरी चिखल झाला. आबारावांची जोडी सुटली, अर्ध्यात एका बैलाचा पाय घसरला, सांडूनं सावरलं, आणि जोडी हळूहळू रेघेपार आली. सात सेकंद एक्क्याऐंशी पाइंट. त्या मैदानावर इतका सावकाश पट कोणी पाहिला नव्हता. पण लोक खूश होते. आबारावसुद्धा शेजारच्या पाहुण्याला सांगत होते की आकडा जास्त असू द्या, पण ह्या टायमाला सेकंद बिलकुल खरे हाएत.